मिसिसिपीपलीकडील लहान गांवें

प्रवासाचे स्थूलमानानें दोन प्रकार करतां येतील. एकांत पोंचणें मुख्य असतें आणि वाट ही केवळ अडचण असते. दुसऱ्यांत वाट हीच मुख्य असून पोंचणें हें प्रवास संपविण्याचें एक निमित्त असतें. आपल्याकडून अमेरिकेस जाणारे बहुतेक लोक पहिल्या प्रकारचा प्रवास करतात. मुलाचें किंवा मुलीचें घर, त्या शहरांतील देऊळ, नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कच्या उंच इमारती, आणि परत. ह्यांत दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु ज्या देशाविषयीं आपल्या घरोघरीं इतकें बोललें जातें, त्या देशाच्या पोटांत काय आहे हें अशा प्रवासांत कळत नाहीं; विमानाच्या खिडकींतून चौकोनी तुकड्यांची एक अफाट गोधडी तेवढी दिसते. त्या गोधडीवरून आठ दिवस, कसलीही घाई न करतां, मोटारीनें हिंडण्याचा योग आम्हांस गेल्या आश्विनांत आला.

हा योग जुळवून आणला तो आमच्या एका बालमित्रानें. चाळीस वर्षांपूर्वीं ते अभियंता म्हणून शिकागोस गेले आणि तेथेंच स्थायिक झाले. शाळेंत आम्ही एका बाकावर बसत असूं, त्यामुळें येथें लिहितांना त्यांचा उल्लेख आदरानें करीत असलों तरी प्रत्यक्षांत आमचें संभाषण अरेतुरेचेंच चालतें. "शिकागो पाहिलेंस म्हणजे अमेरिका पाहिलीस असें समजूं नकोस," ते म्हणाले, "मुंबई पाहून रत्नागिरी जिल्हा समजतो काय?" शिकागोच्या पश्चिमेस तीन तासांच्या वाटेवर मिसिसिपी नदी लागते व ती ओलांडली कीं आयोवा नांवाचें राज्य सुरू होतें. त्या राज्यांतील लहान लहान गांवें पाहत जावयाचें, हमरस्ता शक्य तों टाळावयाचा, आणि जेथें रात्र होईल तेथें मुक्काम करावयाचा, एवढाच काय तो बेत ठरला.

त्यांच्या मनांत त्या वेळीं एक घरगुती प्रश्न घोळत होता, आणि तो आमच्याबरोबर मोटारींत तिसऱ्या उतारूप्रमाणें बसून आला. म्हणून त्याची हकीकत आधींच सांगून टाकणें बरें. राजापूर तालुक्यांतील एका खेड्यांत त्यांचें वडिलोपार्जित घर आहे. वाटेकरी तिघे: स्वतः आमचे स्नेही, मुंबईस असलेले एक चुलतबंधु, आणि दुसऱ्या चुलतबंधूंच्या पश्चात् डोंबिवलीस राहणाऱ्या त्यांच्या वहिनी. घर दहाबारा वर्षें बंद आहे. पर्यटकांसाठीं निवासस्थान काढूं इच्छिणाऱ्या एका गृहस्थानें आतां तें बागेसह विकत मागितलें होतें. चुलतबंधु विकावयास तयार होते. वहिनींस तर पैशाची निकड होती. आमच्या स्नेह्यांची इच्छा मात्र वेगळी होती. त्यांच्या मातोश्रींनीं त्याच घराच्या पडवींत गांवांतील मुलींस लिहावयास वाचावयास शिकविलें होतें; तेव्हां घर गांवास द्यावें आणि तेथें मातोश्रींच्या नांवानें वाचनालय करावें, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. काय तो निर्णय महिनाअखेर कळवावयाचा होता.

डॅव्हनपोर्टजवळ आम्ही मिसिसिपी ओलांडली. पलीकडे गेल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती रस्त्यांचा सरळपणा. दर मैलास एक रस्ता दुसऱ्यास काटकोनांत छेदून जातो. ह्यास कारण एक कायदा आहे. पश्चिमेकडील जमीन कशी मोजावी हें अमेरिकेच्या काँग्रेसनें १७८५ सालीं ठरवून टाकलें: सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा चौरस आंखावा, आणि त्याचे एकेक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, छत्तीस तुकडे पाडावे. पुढें रस्ते गेले ते ह्याच रेषांवरून. त्या छत्तिसांपैकीं सोळाव्या क्रमांकाचा तुकडा शाळांसाठीं राखून ठेवावा, असेंही त्याच कायद्यांत लिहिलेलें आहे. वसाहत करणाऱ्याचें पाऊल पडण्यापूर्वींच त्याच्या मुलांच्या शाळेची जमीन काढून ठेवणारी ती मंडळी दूरदर्शी खरीच. परंतु ती जमीन रिकामी नव्हती, ही गोष्ट मात्र त्या कायद्यांत कोठें दिसत नाहीं. त्याविषयीं पुढें सांगूं.

गांवें वसलीं तीं आगगाडीमुळें. शेतकऱ्यानें सकाळीं घोड्यांच्या गाडींत धान्य भरून निघावें, तें स्टेशनावर घालावें, आणि दिवेलागणीच्या आंत घरीं परतावें, अशा हिशेबानें दर सहा ते दहा मैलांवर एक स्टेशन झालें, आणि स्टेशनाभोंवतीं गांव झालें. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या आणि परत आल्यावर १८८९ सालीं त्यांनीं त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठींत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या सुमारास हीं गांवें ऐन उमेदींत होतीं. पुढें मोटार आली आणि सहा मैलांचें अंतर दहा मिनिटांचें झालें. यंत्रें मोठीं झालीं आणि जेथें चार कुटुंबें राबत तेथें एक कुटुंब पुरेसें होऊं लागलें. शेतें मोठीं झालीं व गांवें लहान झालीं. आयोवाच्या नैर्ऋत्य भागांतील ॲडम्स जिल्ह्यांत १९०० सालीं साडेतेरा हजारांवर माणसें होतीं. २०२० च्या गणनेंत चार हजारही भरलीं नाहींत. जमीन जगांतील उत्कृष्ट जमिनींपैकीं, पीक दरसाल अधिक, आणि माणूस मात्र दरसाल कमी! आपल्याकडे पीक बुडालें म्हणून गांव सोडलेले लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. पीक वाढलें म्हणून रिकामें झालेलें गांव आम्हीं येथें प्रथम पाहिलें.

पहिला थांबा वेस्ट ब्रँच. अमेरिकेचे माजी अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर ह्यांचा जन्म येथें १८७४ सालीं एका लोहाराच्या दोन खोल्यांच्या घरांत झाला. तें घर चौदा फूट रुंद व वीस फूट लांब आहे. आपल्याकडील एखादें देवघर व माजघर मिळून एवढी जागा होईल. आईबाप लवकर वारले, आणि अकराव्या वर्षीं ह्या मुलाची रवानगी दूर ओरेगॉनला मामांकडे झाली. त्यानंतर ते खाणींचे अभियंते म्हणून जगभर फिरले, पहिल्या महायुद्धांत बेल्जमच्या उपाशी जनतेस त्यांनीं अन्न पोंचविलें, १९२९ ते १९३३ पर्यंत ते अध्यक्ष होते, आणि १९४६ सालीं जगांतील अन्नटंचाईची पाहणी करण्यास निघाले तेव्हां हिंदुस्थानांतही येऊन गेले. १९६४ सालीं त्यांचें दफन झालें तें मात्र वेस्ट ब्रँचमध्यें, एका उंचवट्यावर. त्या थडग्यापाशीं उभें राहून पाहिलें कीं समोर सरळ रेषेंत तें दोन खोल्यांचें घर दिसतें. आमचे स्नेही तेथें बराच वेळ उभे होते. नंतर म्हणाले, "ह्यांचें ठीक आहे. हे अध्यक्ष झाले, म्हणून सरकारनें घर संभाळलें. बाकीच्यांच्या घरांचें काय?"

दुसऱ्या दिवशीं आमाना. हीं एकाच पंथाचीं सात खेडीं आहेत. जर्मनींतून निघालेल्या एका धर्मनिष्ठ मंडळीनें तीं १८५५ पासून वसविलीं. पाऊणशें वर्षांहून अधिक काळ तेथें जमीन सर्वांची, गिरणी सर्वांची, आणि स्वयंपाकही सर्वांचा होता. कोणाच्याही घरीं चूल नसे. पन्नासांवर सामाईक पाकशाळा होत्या व प्रत्येकींत आसपासच्या तीसचाळीस माणसांचें पान मांडलें जाई. १९३२ सालीं मंदीच्या फेऱ्यांत, आणि तरुण मंडळी कंटाळल्यामुळें, मतदान घेऊन त्यांनीं ही व्यवस्था मोडली; पंथ ठेविला, सामाईक मालमत्तेचे भाग प्रत्येकास वांटून दिले. एकत्र कुटुंब ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ह्यांतील सुखदुःखें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. आम्हांस विशेष वाटलें तें हें कीं, वाटणी होऊनही तीं खेडीं उभीं आहेत. वाटणी म्हणजे मोडतोडच, असें आपण धरून चालतों. तेथें वाटणीनंतर विटांचीं तीं जुनीं घरें नव्या मालकांनीं अधिक निगेनें राखिलेलीं दिसलीं.

आमानाहून पश्चिमेस टामाच्या बाजूस गेलों, आणि मघां ज्याचा उल्लेख राहिला होता ती गोष्ट तेथें पाहावयास मिळाली. ह्या मुलुखाचे मूळ रहिवासी जे मेस्क्वाकी लोक, त्यांस सरकारनें येथून उठवून कॅन्सासकडे घालविलें होतें. त्यांतील कांहीं परत आले, आणि १८५७ सालीं त्यांनीं आयोवा नदीच्या कांठीं ८० एकर जमीन चक्क पैसे मोजून विकत घेतली. जी भूमि आपली, तीच विकत घ्यावयाची! पुढें भर घालीत घालीत त्यांनीं ती आठ हजार एकरांच्या वर नेली. आज तेथें त्यांची वस्ती आहे, शाळा आहे. आमच्या स्नेह्यांनीं ह्यावर कांहींच भाष्य केलें नाहीं. परंतु पुढील वीस मैल ते मुकाट्यानें मोटार हांकीत होते, आणि ते मुकाट बसले म्हणजे हिशेब करीत असतात हें आम्हांस शाळेपासून ठाऊक आहे.

ग्रिनेल हें सुमारें साडेनऊ हजार वस्तीचें गांव. येथील चौकाच्या कोपऱ्यावर विटांची एक ठेंगणी इमारत आहे. दर्शनी भिंतीवर दारावर एक मोठी वर्तुळाकार खिडकी, आणि तिच्या भोंवतीं भाजलेल्या मातीचें असें नाजूक नक्षीकाम कीं एखाद्या दागिन्यांच्या पेटीची आठवण व्हावी. ही १९१४ सालीं बांधलेली पेढी. बांधणारा लुई सलिव्हन, शिकागोच्या पहिल्या उंच इमारतींचा एक जनक. उतारवयांत त्याच्याकडे मोठीं कामें येईनाशीं झालीं, तेव्हां लहान गांवांतील पेढीवाल्यांनीं त्यास काम दिलें, आणि त्यानेंही तें दुय्यम मानलें नाहीं. १९२४ सालीं तो विपन्नावस्थेंत वारला. चार शेतकऱ्यांच्या ठेवी ठेवण्यासाठीं एवढी सुंदर वस्तु! लहान गांवास हलकें चालेल, हा समज किती खोटा आहे हें त्या इमारतीसमोर पांच मिनिटें उभें राहिल्यास पटतें.

जेवणाविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण शाकाहारी वाचकांस ती उत्सुकता असणारच. आयोवांत माणसांच्या सुमारें सातपट डुकरें आहेत, आणि उपाहारगृहांतील पदार्थांची यादी वाचतांना ही गोष्ट क्षणभरही विसरतां येत नाहीं. आमचा निर्वाह बहुधा चीज घालून भाजलेला पाव, उकडलेले बटाटे, आणि सफरचंदाचा पाय ह्यांवर झाला. वाटेंत मक्याचा समुद्र. परंतु त्यांतील फारच थोडा मका माणसाच्या ताटांत जातो, बाकीचा जनावरांच्या खाद्यांत व मोटारींत जाळावयाच्या इथेनॉलमध्यें जातो. तें ऐकून १९७२ च्या दुष्काळांतील 'मिलो' आम्हांस आठवला. रेशनच्या दुकानांत मिळणारी ती अमेरिकन लाल ज्वारी. तिच्या भाकरीस नांवें ठेवीत ठेवीत महाराष्ट्रानें ती खाल्ली आणि दिवस काढले. तसलें धान्य येथून नैर्ऋत्येस कॅन्सासच्या मैदानांत पिकतें. आपण ज्या गांवांचीं नांवेंही ऐकलेलीं नसतात त्यांच्याशीं आपलें अन्नाचें नातें जडलेलें असतें.

चौथ्या दिवशीं ज्या गांवीं थांबलों त्याचें नांव नकाशावर भिंग घेऊन शोधावें लागेल. चौकांतील निम्मीं दुकानें बंद होतीं. परंतु एका कोपऱ्यावर दगडी पायऱ्यांचें लहानसें ग्रंथालय उघडें होतें. आंत एक वयस्क बाई बसल्या होत्या. पूर्वीं त्या तेथील शाळेंत शिक्षिका होत्या. आठवड्यांतून तीन दिवस त्या तें उघडतात. थंडींत बर्फ पडलें कीं पायऱ्या झाडण्यास शेजारचा मुलगा येतो. इमारत कार्नेगीच्या देणगींतली, हें त्यांनीं सांगितलें; आणि लगेच हंसून म्हणाल्या, "त्यानें इमारत एकदां दिली. आम्ही ती रोज देतों."

अँड्र्यू कार्नेगी हा स्कॉटलंडमधील एका कोष्ट्याचा मुलगा. पोलादाच्या धंद्यांत अपार संपत्ति मिळवून त्यानें एकट्या अमेरिकेंत सोळाशेंहून अधिक ग्रंथालयें बांधून दिलीं, त्यांपैकीं शंभराच्या आसपास आयोवांत आहेत. त्याच्या दानाची अट आम्हांस त्या बाईंकडून समजली. गांवानें जागा द्यावयाची, आणि देणगीच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम दरसाल कर बसवून ग्रंथालयाच्या खर्चास द्यावयाची. पुस्तकांचा खर्च कार्नेगी बहुधा देत नसे. कित्येक गांवांनीं हा बोजा नको म्हणून देणगीच नाकारली. आपल्याकडील दानधर्माच्या कल्पनेस ही अट जरा कृपणपणाची वाटते. दिलें तें दिलें, त्यावर अट कसली? आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें.

रात्रीं मोटेलच्या खोलींत आमच्या स्नेह्यांनीं कागद पुढें ओढला. "घराची दुरुस्ती आणि पुस्तकें धरून वीस लाख रुपये मी देतों असें समज. दहाव्या हिश्शानें गांवानें दरसाल दोन लाख उभे केले पाहिजेत."

"गांवांत चुली किती पेटतात?" आम्हीं विचारलें.

"साठसत्तर घरें आहेत. त्यांतलीं निम्मीं गणपतीलाच उघडतात."

"मग पैसे बँकेंत ठेव, आणि व्याजांतून खर्च भागव."

"आणि रोज संध्याकाळीं दार उघडणारा माणूस? तोही व्याजांतून येईल काय?" ते म्हणाले. ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दिवा मालविल्यानंतरही ते जागे होते.

विंटरसेट हें मॅडिसन जिल्ह्याचें ठाणें. चौकाच्या मध्यभागीं चुनखडीच्या दगडाची घुमटाची कचेरी आहे. ह्या जिल्ह्यांतील छपरी पूल १९९२ च्या एका कादंबरीनें व १९९५ च्या चित्रपटानें जगप्रसिद्ध झाले. एके काळीं असे एकोणीस लांकडी पूल होते, आज सहा आहेत. पुलास छप्पर कशासाठीं, ह्या प्रश्नाचें उत्तर मोठें व्यवहारी आहे: तळाच्या जाड तुळया महाग, वरच्या फळ्या स्वस्त, तेव्हां फळ्यांनीं पाऊस व बर्फ सोसावें आणि तुळया वांचवाव्या. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं मातीच्या भिंतीस झावळ्या बांधतात त्यांतलीच ही बुद्धि. ह्यांपैकीं सीडर पूल १८८३ सालचा. २००२ सालीं कोणीं दुष्टानें तो जाळला. लोकांनीं २००४ सालीं जुन्या पद्धतीनेंच तो पुन्हां उभारला. २०१७ सालीं तो पुन्हां जाळण्यांत आला, आणि २०१९ सालीं तिसऱ्यांदा उभा राहिला. आम्ही त्यावरून चालत गेलों. लांकूड अजून नवें, पिवळसर. त्यास अजून काळाचा रंग चढावयाचा आहे. जुनें राखणें म्हणजे जुनें तसेंच पडूं देणें नव्हे, हें त्या नव्या लांकडानें आम्हांस सांगितलें.

ह्याच विंटरसेटमध्यें गुलामगिरींत जन्मलेला एक कृष्णवर्णी तरुण कपडे धुणें, स्वयंपाक करणें अशीं कामें करीत राहत होता. गांवांतील एका दांपत्यानें त्याची हुशारी ओळखून त्यास शिकण्याची उमेद दिली, आणि १८९० सालीं जवळच्या इंडियनोलाच्या महाविद्यालयांत त्यानें नांव घातलें. तोच पुढें वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर झाला. एम्स येथील कृषि महाविद्यालयाची पदवी त्यानें १८९४ सालीं घेतली. तेथें असतांना एका सहकाऱ्याच्या लहान मुलास तो रानांतून हिंडवून झाडें ओळखावयास शिकवी. तो मुलगा हेन्री वॉलेस, पुढें संकरित मक्याचा प्रवर्तक आणि १९४१ ते १९४५ पर्यंत अमेरिकेचा उपाध्यक्ष. त्या दांपत्यानें कार्व्हरास इमारत दिली नाहीं, निधि दिला नाहीं. आपल्या घराचें दार त्यास उघडें ठेविलें.

परत पूर्वेकडे वळतांना पेला येथें थांबून डच पद्धतीची, 'एस' ह्या अक्षराच्या आकाराची, बदामाच्या सारणाची खाद्यवस्तु खाल्ली. मग एल्डन. ग्रँट वुड ह्या चित्रकारास १९३० सालीं येथें एक लहानसें पांढरें घर दिसलें. त्याच्या माडीस देवळाला शोभेल अशी टोकदार कमानीची खिडकी होती. त्या घरापुढें त्यानें आपली बहीण व आपला दंतवैद्य ह्यांस कल्पनेनें उभें केलें, आणि अमेरिकेंतील सर्वांच्या ओळखीचें तें चित्र जन्मास आलें. बहीण किंवा दंतवैद्य त्या घरासमोर प्रत्यक्षांत एकत्र उभे राहिलेच नव्हते. आतां मात्र सारें जग तेथें येऊन उभें राहतें. त्यासाठीं पोशाख व लांब दांत्यांचें दांताळें उसनें मिळतें. आम्ही उभयतांही उभे राहिलों. दांताळें कोणीं धरावें ह्यावर थोडा वाद झाला. अखेर मोटारीचा मालक तोच दांताळ्याचा मालक, असा निवाडा होऊन आमच्या वांट्यास पदराची बाजू आली. तें छायाचित्र आमच्या घरांत अद्याप सर्वांस दाखविलें जातें.

शेवटचा मुक्काम फेअरफील्ड. मिसिसिपीच्या पश्चिमेस कार्नेगीच्या पैशानें उभारलेलें पहिलें ग्रंथालय म्हणून ज्याची ख्याति आहे तें येथील, १८९३ सालचें. ग्रंथालय आतां दुसऱ्या इमारतींत गेलें आहे व जुन्या वास्तूंत वस्तुसंग्रह आहे. कार्नेगीचा जन्म १८३५ चा. आमच्या रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ पासूनचें. "म्हणजे कार्नेगी जन्मण्यापूर्वींच रत्नागिरीकरांस ही युक्ति सुचली होती," आमचे स्नेही म्हणाले, आणि कित्येक दिवसांनीं त्यांच्या चेहऱ्यावर स्मित दिसलें.

फेअरफील्डची दुसरी कथा आपल्याशीं अधिक जवळची. येथें १८७५ पासून एक महाविद्यालय होतें. तें कर्जबाजारी होऊन १९७३ सालीं बंद पडलें. अशा गांवांत महाविद्यालय बंद पडणें म्हणजे गांवाचा कणा मोडणें. पुढच्याच वर्षीं तें आवार महर्षि महेश योगी ह्यांच्या विश्वविद्यालयानें घेतलें. मक्याच्या शेतांच्या मधोमध सोनेरी घुमट उभे राहिले, आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून ध्यान करणारी मंडळी राहावयास आली. जुने शेतकरी व नवे साधक ह्यांचें आरंभीं जमलें असेल असें नाहीं. परंतु चौकांत आज दुकानें उघडीं आहेत आणि आम्हांस आठ दिवसांनीं वरणभातासारखें कांहीं जेवावयास मिळालें. महर्षींच्या मतांविषयीं वाचकांचीं मतें निरनिराळीं असतील, आमचींही आहेत. एवढें मात्र खरें कीं, तें आवार रिकामें पडलें असतें तर कोणाच्याही स्मारकानें भरून निघालें नसतें. तें भरलें तें राहावयास आलेल्या माणसांनीं.

त्या रात्रीं आमच्या स्नेह्यांनीं दूरध्वनि लावला. येथें रात्रीचे नऊ, गांवीं सकाळचे साडेसात. चुलतबंधूंस नव्हे, वहिनींसही नव्हे, तर गांवच्या शाळेंतील शिक्षिकाबाईंस. घर देण्याचा विचार त्यांनीं सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग बाई म्हणाल्या, "काका, रागावूं नका. एवढ्या मोठ्या घराचीं कौलें दरसाल परतणार कोण? पुस्तकांचें कपाट शाळेंत आहे, त्याची किल्ली माझ्याजवळ आहे. पुस्तकांची अडचण नाहीं. दहावीला ह्या वर्षीं सात मुली आहेत. घरीं एक खोली, तींत टीव्ही चालू. संध्याकाळीं बसून अभ्यास करावयास जागा नाहीं. तुमची पडवी आणि दोन दिवे, एवढें मिळालें तर पुष्कळ झालें."

दूरध्वनि ठेवल्यावर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. वाचनालय, मातोश्रींचें नांव, दारावरची संगमरवरी पाटी, हें सर्व त्यांनीं कित्येक वर्षें मनांत रचलेलें होतें. तें एका वाक्यांत बाजूस सारलें गेलें होतें. आम्हीं समजूत घालण्याचा प्रयत्न केला नाहीं. थोड्या वेळानें ते आपण होऊन म्हणाले, "आई तरी काय करीत होती? पडवींतच बसवीत होती त्यांना."

मग पुन्हां कागद निघाला, आणि ह्या वेळीं हिशेब लवकर संपला. वहिनींचा वाटा, गिऱ्हाइकानें जी किंमत देऊं केली होती त्याच किमतीस, आमच्या स्नेह्यांनीं स्वतः घ्यावा. वहिनींच्या गरजेवर कोणाचेंही स्मारक उभें राहूं नये. बागेचा वरचा भाग चुलतबंधूंच्या वांट्यास द्यावा. तो त्यांनीं खुशाल विकावा. घर आमच्या स्नेह्यांकडे राहावें, कौलें परतण्याचा खर्च त्यांचा. आणि पडवी पांच वर्षें शाळेस वापरावयास द्यावी. कागदोपत्रीं दान आज करूं नये. पांच वर्षें दार उघडत राहिलें, तर पुढें पाहावें. एक अट मात्र त्यांनीं कार्नेगीची ठेविली: दिव्यांचें बिल आणि रोजचें दार उघडणें, हें गांवाचें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हां मिसिसिपी ओलांडून शिकागोकडे निघालों. दोहों बाजूंस मळणीचीं प्रचंड यंत्रें चाललीं होतीं, आणि एका एका यंत्रांत एक एक माणूस बसलेला होता.

ह्या गोष्टीस आतां तीन महिने झाले. वहिनींचे पैसे पोंचले. चुलतबंधु थोडे नाराज आहेत, कारण बागेच्या तुकड्यास घराइतकी किंमत येत नाहीं. तें खरेंही आहे, आणि त्यांची नाराजी दूर करण्याचा उपाय अजून सांपडलेला नाहीं. गेल्या आठवड्यांत शिक्षिकाबाईंचें पत्र आलें. आमच्या स्नेह्यांनीं तें आम्हांस दाखविण्यास धाडिलें. चौदा घरांनीं दरमहा पन्नास रुपये देण्याचें कबूल केलें आहे. कार्नेगीच्या दहाव्या हिश्शाच्या तें जवळपासही येत नाहीं. पण दोन दिव्यांस पुरतें. दार उघडण्यासाठीं मुलींच्या आयांनीं वार वांटून घेतले आहेत. पत्रासोबत त्या पाळ्यांची यादी आहे, आंखलेल्या वहीच्या पानावर, स्वच्छ अक्षरांत लिहिलेली. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत नांवें आहेत. शनिवारपुढची जागा अजून कोरी आहे.